बंद पिकअपची प्रमाणमीमांसा

डिझेलवर चालणारे जुन्या धाटणीचे पिकअप सुरू होत नाही, या घटनेची कारणे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मोजकीच आहेत. सेल्फने, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटारीने, इंजिन पुरेशा वेगाने फिरवले, पंपाने वेळेवर डिझेल दिले आणि सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन पुरेशी तापली, की इंजिनाजवळ सुरू न होण्याचा कोणताही युक्तिवाद शिल्लक राहत नाही. आणि ते सुरू होत नसेल, तर या तीन कामांपैकी कोणते तरी एक झालेले नाही, एवढेच शोधायचे असते. हे शोधकार्य एकट्या, शांत आणि घाई नसलेल्या माणसाने केले तर बहुधा चहा थंड होण्याच्या आत संपते. परंतु बंद पडलेल्या पिकअपपाशी एकटा माणूस फार काळ एकटा राहत नाही, आणि दुसरा माणूस येताच प्रश्न यंत्रशास्त्राच्या कक्षेतून निघून ज्ञानशास्त्राच्या कक्षेत जातो. न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना थेट कळणारे, अनुमान, म्हणजे खुणेवरून काढलेला निष्कर्ष, उपमान, म्हणजे सारखेपणावरून होणारी ओळख, आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे वचन. बंद पिकअपभोवती जमलेला समुदाय ही चारही प्रमाणे मानतो, फक्त उलट्या क्रमाने वापरतो.

या विषयाच्या अभ्यासासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा बाजारासारखे क्षेत्र मिळणे कठीण आहे, आणि त्यास दोन कारणे आहेत. पहिले हवामानाचे : लासलगाव ज्या निफाड तालुक्यात येते, तिथे हिवाळ्यात पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली उतरतो, आणि अशा पहाटे बॅटरीची ताकद घटलेली असते, तर इंजिनातले ऑइल मात्र दाट होऊन फिरण्यास अधिक विरोध करत असते. दुसरे कारण बाजाराच्या रीतीचे. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप यांची रांग लिलावासाठी उभी असते, रांग थोडी सरकली की गाडी सुरू करावी लागते, चार हात पुढे घेतली की डिझेल वाचवण्यासाठी लगेच बंद केली जाते, लिलावानंतर वजनकाट्यापाशी आणि काट्यानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर हाच प्रकार पुन्हा होतो. सेल्फ एका वेळी काहीशे अँपिअर प्रवाह ओढतो. असा अडीचशे अँपिअरचा प्रवाह तीन सेकंद घेतला, तर साध्या वेगावर चालणाऱ्या इंजिनाच्या डायनॅमोला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या अल्टर्नेटरला, त्यातून पंधरा-वीस अँपिअर बॅटरीकडे जात असतील असे धरले, तरी एवढी भरपाई करायला पाऊण मिनिट सहज लागते. रांगेत गाडी तेवढा वेळ चालतच नाही, आणि चालली तरी टेप, हेडलाइट आणि मोबाइलचे चार्जर आपापला वाटा आधी घेतात. म्हणून वाचवलेल्या चार चमचे डिझेलची किंमत लिलावाच्या नेमक्या क्षणी चुकवावी लागते, आणि मागच्या सर्व गाड्यांचे हॉर्न हे या व्यवहाराचे व्याज असते.

अशा वेळी सर्वप्रथम वापरले जाणारे प्रमाण म्हणजे शब्द. गाडीचा मालक बॉनेट उघडण्यापूर्वी खिशातला फोन काढतो आणि आपल्या गावच्या मिस्त्रीला लावतो. मिस्त्री त्या वेळी वीस किलोमीटरवर दुसऱ्या गाडीखाली उताणा पडलेला असतो, तरीही निदान करण्यास त्याला क्षणही लागत नाही. “नाना, बॅटरी गेली तुमची. मी मागंच सांगितलं होतं,” असे तो म्हणतो, आणि या वाक्याचा उत्तरार्ध प्रत्येक निदानाला जोडता येत असल्याने मिस्त्री कधीही चुकत नाही. मिस्त्रींनी गेल्या दहा वर्षांत जे जे मागेच सांगून ठेवले आहे, ते सर्व मालकांनी वेळीच ऐकले असते तर जिल्ह्यात जुने पिकअप उरलेच नसते. शब्दप्रमाणाचे शास्त्रीय महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, कारण अनुभवी मिस्त्री फोनवर ऐकलेल्या आवाजावरून खरोखर बरेच काही ओळखतो. मात्र फोन सेल्फजवळ धरण्याऐवजी मालक तो स्वतःच्या तोंडाजवळ धरतो आणि आवाजाची नक्कल करून दाखवतो, तेव्हा निदान इंजिनाचे होत नसून नकलेचे होत असते.

त्यानंतर उपमान येते, आणि समुदाय खऱ्या अर्थाने याच टप्प्यावर जमतो. “आमच्या मेहुण्याच्या गाडीला अस्संच झालं होतं,” हे या प्रमाणाचे सूत्र होय. मेहुण्याच्या गाडीचे इंजिन वेगळे, वर्ष वेगळे, बिघाड वेगळा, क्वचित ती गाडी पेट्रोलचीही असते. परंतु सुरू न होण्याच्या बाबतीत दोन्ही गाड्या तंतोतंत सारख्या असल्याने उपमानाची मूलभूत अट पूर्ण होते. ज्याचा जो व्यवसाय, त्याला तो दोष आधी दिसतो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. मोटारींची वायरिंग करणाऱ्या वायरमनला शॉर्ट दिसतो, फवारणीचा पंप रोज हाताळणाऱ्या शेतकऱ्याला कचरा अडकलेला दिसतो, एसटीतून निवृत्त झालेल्या चालकाला हल्लीच्या पोरांना गाडी हाताळता येत नाही हे दिसते, आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याला सेन्सर दिसतो, जो या गाडीत बसवलेलाच नाही. हमालांना मात्र दोष दिसत नाही. त्यांना फक्त धक्का दिसतो, आणि पुढे स्पष्ट होईल त्याप्रमाणे त्यांची भूमिका सर्वांत प्रामाणिक असते.

अनुमान हे तिसरे प्रमाण अधिक विचारास पात्र आहे, कारण बंद इंजिन खुणांच्या बाबतीत अत्यंत उदार असते. किल्ली फिरवल्यावर कोणता आवाज येतो, यातच निम्मे निदान असते. काहीच आवाज आला नाही, तर किल्लीच्या स्विचपासून सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचलेला नाही. एकच ठळक ‘टक्’ आला, तर सेल्फवरच्या सोलेनॉइडने, म्हणजे विद्युतचुंबकाच्या जोरावर मोठा प्रवाह जोडणाऱ्या आणि सेल्फचे दातेरी चाक पुढे ढकलणाऱ्या घटकाने, आपले काम केले आहे, पण पुढे मोटार फिरली नाही. तिच्यातले कार्बन ब्रश झिजून अडकले असतील तर सेल्फच्या पाठीवर टॉमीने, म्हणजे चाक खोलण्याच्या लोखंडी दांडीने, हलका ठोका घातल्यावर ते जागेवर बसतात आणि गाडी एकदा सुरू होते. या एका यशामुळे ठोका हा उपचार वाहनाच्या इतर भागांवरही करून पाहिला जातो, हे खेदाने नोंदवावे लागते. ‘टकटकटकटक’ अशी झड लागली, तर सोलेनॉइड ओढला जातो, त्या क्षणी भार पडून व्होल्टेज कोसळते, त्यामुळे तो सुटतो, सुटताच व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा ओढला जातो. अर्थात वीज आहे, पण काम पडले की टिकत नाही. आणि इंजिन ‘घर्र… घर्र…’ असे दोन शब्दांत विश्रांती घेत फिरत असेल, तर ते फिरते आहे म्हणून समाधान मानणे धोक्याचे असते, कारण डिझेल इंजिनात वेग ही चैन नसून इंधन पेटवण्याचे साधन आहे.

हा शेवटचा मुद्दा थोडा उलगडणे आवश्यक आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या ज्या इंजिनाची १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी चाचणी झाली, त्यात ठिणगीची गरजच नव्हती. जुन्या डिझेल गाड्यांत हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि अशा हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. पण इंजिन रेंगाळत फिरले, तर दाबली जाणारी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटायला आणि तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरायला भरपूर सवड मिळते, म्हणून थकलेली बॅटरी इंजिन फिरवते, तरीही पेटवत नाही. ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात, म्हणजे सुरू करण्यापूर्वी ज्वलनकक्षात लाल होणाऱ्या विजेच्या कांड्या असतात, त्यांत किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्डावरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते. हे थांबणे मोजक्या सेकंदांचे असते, आणि त्यामुळेच ते कोणी थांबत नाही. तोच चालक पुढे तासभर मिस्त्रीची वाट मात्र तक्रार न करता पाहतो.

अनुमानप्रमाणाची खरी परीक्षा सायलेन्सरच्या तोंडाशी होते. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे ओळखावे, हे न्यायशास्त्राचे शतकानुशतके वापरात असलेले उदाहरण आहे. डिझेल पिकअपने ते निरुपयोगी करून टाकले. इंजिन सेल्फवर फिरत असताना पांढरा धूर येऊ लागला, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे पण पेटत नाही, असा त्याचा अर्थ असतो, कारण तो धूर म्हणजे न जळता वाफेसारखे बाहेर पडणारे डिझेलच असते. म्हणजे जिथे धूर आहे तिथे अग्नी नाही. उलट धूर मुळीच दिसला नाही, तर डिझेलच येत नाही असे समजून टाकी, फिल्टर आणि पंप या दिशेने जावे. हे इतके सोपे, फुकट आणि निर्णायक लक्षण पाहण्यासाठी एक माणूस गाडीच्या मागे उभा राहावा लागतो, आणि नेमकी तीच जागा रिकामी असते, कारण सर्व तज्ज्ञ पुढे बॉनेटमध्ये डोकी घालून उभे असतात.

धूर नसल्याचे कोणा चहावाल्या पोराने ओरडून सांगितलेच, तर इंधनवादी पंथाला बळ येते. टाकीत डिझेल आहे का, असे विचारणे हा मालकाचा अपमान समजला जात असल्याने तो प्रश्न शेवटी विचारला जातो. काटा अर्ध्यावर आहे असे उत्तर मिळते. आणि काटा मागच्या दिवाळीपासून अर्ध्यावरच आहे, ही माहिती त्यानंतर बऱ्याच वेळाने, ओघात मिळते. डिझेल आहे पण येत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे पंपाने हवा धरणे. डिझेलचा नळ कुठे तरी सैल असला, किंवा जोडावरचे तांब्याचे वायसर चेपले असले, तर रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परतते आणि त्याची जागा हवा घेते. द्रव दाबला जात नाही म्हणून त्याला नोझलमधून जबरदस्तीने सोडता येते. हवा मात्र दाबली जाते, पंपाच्या प्रत्येक ठोक्याला आज्ञाधारकपणे आक्रसते, पुन्हा पूर्ववत होते आणि पुढे काहीच जाऊ देत नाही, हा गुण पुष्कळ कार्यालयांतही आढळतो. यावर उपाय म्हणजे फिल्टरवरचा स्क्रू सैल करून तिथला हातपंप दाबत राहणे, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळणे, आणि गरज पडल्यास नोझलच्या नळांचे नट सैल करून तिथलीही हवा काढणे. यात हात, बाही आणि बहुधा कांद्याच्या दोन गोण्या डिझेलने माखतात, पण पैसा लागत नाही, आणि म्हणूनच या उपायावर मालकाचा पूर्ण विश्वास बसत नाही.

कम्प्रेशनवादी, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाला दोष देणारा, पंथ संख्येने लहान आणि स्वभावाने उदास असतो. रिंगा गेल्या, व्हॉल्व्ह बसत नाहीत, हेड उतरवावे लागेल, एवढेच तो म्हणतो. त्याच्या मतात तथ्य असण्याची शक्यता असतेच, कारण लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनाचा दाब कमी झालेला असतो. परंतु काल संध्याकाळपर्यंत गोणीवर गोणी वाहून आणलेल्या इंजिनाच्या रिंगा एका रात्रीत झिजत नाहीत, हा साधा आक्षेप त्याला कोणी घेत नाही. मोठा खर्च सांगणाऱ्या माणसाविषयी समाजात एक आदर असतो.

अनुमान करून थकलेला समुदाय अखेर हमालांच्या भूमिकेकडे वळतो. धक्का मारून गाडी सुरू करण्यात सेल्फचे काम चाकांकडून करून घेतले जाते : किल्ली चालू ठेवून, दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून धरायचा, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा आणि फिरणाऱ्या चाकांकरवी इंजिन फिरवायचे. जुन्या डिझेल गाडीत हे उत्तम साधते, कारण तिचा पंप यंत्राच्या जोरावर चालतो. मात्र अशा अनेक पंपांवर एक कटऑफ, म्हणजे डिझेलची वाट उघडणारा-मिटणारा छोटा सोलेनॉइड असतो, आणि त्याला वाट उघडी ठेवायला वीज लागते. बॅटरीची वीजच त्याच्यापर्यंत जात नसेल, तर भरलेले पिकअप आठ माणसांनी बाजाराच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलले, तरी पंप एक थेंबही सोडत नाही. अशा वेळी चालकाने क्लच उशिरा सोडला यावर सर्वांचे एकमत होते, आणि त्या सकाळी झालेले ते एकमेव एकमत असते. ज्यांच्या गाड्या या दुखण्यातून वर्षानुवर्षे जात आहेत, असे मालक गाडी नेहमी उतारावर लावतात. त्यांच्या घराची जागा निवडतानाही उताराचा विचार झालेला असतो की काय, अशी शंका येते.

आता प्रत्यक्षप्रमाण उरले. ते वापरण्यासाठी बॅटरीकडे नुसते पाहायचे असते. तिच्या शिशाच्या खुंटांवर जी टर्मिनले आवळलेली असतात, त्यांच्याभोवती पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साठलेली असते. हे आम्लाच्या वाफांमुळे तयार झालेले धातूचे क्षार होत, आणि खुंट व टर्मिनल यांच्या मध्ये शिरलेला त्यांचा थर वीज नीट वाहू देत नाही. या थराचा विरोध अवघा शतांश ओहम असला, तरी दोनशे अँपिअर प्रवाह जाताना त्या एका जोडावर दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि चारशे वॉट उष्णता निर्माण होते. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारून टर्मिनलाला हात लावून पाहिला आणि ते तापलेले लागले, तर निदान तिथेच संपते. हेडलाइट लावून सेल्फ मारण्याचीही एक जुनी परीक्षा आहे : दिवे तसेच राहिले तर प्रवाह सेल्फपर्यंत गेलेलाच नाही, दिवे मंद होऊन इंजिन रेंगाळले तर बॅटरी अशक्त आहे, आणि दिवे पार विझले तर एखादा जोड सैल किंवा गंजलेला असण्याचा संभव अधिक. इंजिन रबरी पायांवर बसवलेले असल्यामुळे विजेला परत यायला अर्थची जी जाड पट्टी लागते, तीही याच वेळी पाहून घ्यावी. ती तुटलेली असली तर बिचारा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो, आणि चालकाला पायाखालून धूर का येतो याचा उलगडा कोणत्याच दर्शनात सापडत नाही.

टर्मिनल खोलून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुणे, पॉलिश पेपरने घासणे, परत आवळणे आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवणे, एवढाच हा उपचार आहे. त्याला दहाचा पाना लागतो आणि पाच मिनिटे लागतात. तरीही तो सर्वांत शेवटी का होतो, याचे उत्तर उपचारात नसून प्रतिष्ठेत आहे. लिलाव चुकला, रांग अडली, आठ माणसे घामाघूम झाली, मिस्त्रीला दोनदा फोन झाला, इतके सगळे घडून गेल्यावर त्याचे कारण चिमूटभर पांढरी पूड निघाले, तर ते कोणालाच परवडत नाही. झालेल्या त्रासाला शोभेल एवढ्या किमतीचे कारण मिळेपर्यंत मालकाचे मन थाऱ्यावर येत नाही, आणि बाजारात अशा किमतीचे कारण एकच सहज मिळते : नवी बॅटरी.

नवी बॅटरी बसवताना टर्मिनले खोलावीच लागतात. बॅटरीवाला ती सवयीने घासतो, नव्या खुंटांवर घट्ट आवळतो, मालक किल्ली फिरवतो आणि इंजिन पहिल्याच फेरीला धडधडू लागते. कार्यकारणभाव इतका लख्ख सिद्ध झाल्यावर जुन्या बॅटरीचा अपराध कोणी तपासत नाही. ती शिशाच्या वजनाने दुकानात जमा होते, दुकानदार तिला रात्रभर चार्जिंगला लावतो, सकाळी तिचे व्होल्टेज साडेबाराच्या वर पाहतो, आणि काही न बोलता तिला दुसऱ्यांच्या गाड्या जंपर केबल लावून सुरू करून देण्याच्या कामावर रुजू करतो. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नव्या खुंटांवरही पूड साठते, पिकअप पुन्हा रांगेतच अडते, मिस्त्रीने मागेच सांगितलेले असते, आणि अखेर दुकानातला मुलगा तीच जुनी बॅटरी घेऊन येतो. तो जंपरचा चिमटा खुंटाला न लावता सवयीने टर्मिनलाच्या बाहेरच्या अंगाला लावतो, त्यामुळे वीज त्या गंजलेल्या जोडाला वगळून सरळ सेल्फकडे जाते आणि गाडी एका झटक्यात सुरू होते. मालक दोन्ही बॅटऱ्यांकडे आळीपाळीने पाहतो आणि जमलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो की, जुन्या मालाची सर हल्लीच्या बॅटऱ्यांना नाही. आणि एसटीतून निवृत्त झालेले आबा, जे वर्षभर याच वाक्याची वाट पाहत असतात, जोराने मान डोलावतात.